साळगावचा ळ

सगुणकाकाचा ळ बसमुळे बिघडला.
म्हापसा–साळगाव, हिरव्या पट्ट्याची.
काका स्टुलावर, कपाळपट्टीवर 'सा' झालेला,
ळ अर्ध्यात,
आणि कायतानने इंजिन सुरू केलं.

उजवं पोट डाव्यापेक्षा
तांदळाच्या दाण्याएवढं खाली उतरलं.
काकाने पुसलं नाही.
पुढची तेहतीस वर्षं तसाच काढला, मुद्दाम, मापून :
नारळाच्या वखारीवर, गुळाच्या दुकानावर,
'ताजी मासळी' लिहिलेल्या टेंपोवर,
प्राथमिक शाळेच्या कमानीवरसुद्धा
त्या इंजिनाची थरथर.

मजकूर संपला की शेवटच्या अक्षराखाली
एक लाल ठिपका.
सही म्हणून तेवढंच.

मग फ्लेक्स आला. रॉकेलच्या डब्यात
खारीच्या केसांचे ब्रश ताठ झाले.

मी सुट्टीत लॅपटॉप घेऊन आलो,
उन्हातान्हात पाट्यांचे फोटो काढत फिरलो,
गंज वजा केला, पावसाचे ओघळ वजा केले,
अ ते ज्ञ, सगळी जोडाक्षरं, फॉन्ट तयार.
काकाला विचारलं होतं का?
विचारलं होतं. शुक्रवारच्या बाजारात
तो बांगडे निवडत होता.
'इंटरनेटवर टाकू?'
'टाक,' म्हणाला.
मला म्हणाला की मासळीवालीला,
ते मी पुन्हा विचारलं नाही.

फुकट. कुणीही घ्या, कुठेही वापरा. नाव 'सगुण'.
चार हजार शंभर जणांनी उतरवून घेतला.
नागपूरची लग्नपत्रिका, लातूरच्या चिवड्याचं पाकीट,
कुणाच्या तरी निधनाची वार्ता.
मी काकाला एकेक दाखवायचो,
तो मोबाइल लांब धरून म्हणायचा, बरें आसा.

अस्नोड्याला बारशाला गेलो तेव्हा
झरीकडे उतरणाऱ्या वाटेवर नवं फाटक होतं.
फाटकावर पाटी :
खाजगी कुळागर. आत येऊ नये.

हेच वाक्य या मालकाने
पाच वर्षांपूर्वी काकाकडे आणलं होतं, दुप्पट पैशांसकट.
काकाने चहा पाजला होता आणि सांगितलं होतं,
पाण्याची वाट अडवायला माझा हात नाही मिळायचा.

काकाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
परत लावला.
'कोणें बरयलां हें?'

मी बोलत सुटलो.
परवाना बदलता येतो काका, अटी घालता येतात,
यापुढे विचारल्याशिवाय कुणी
(पण गेलेल्या प्रती गेल्या,
हे मी फाटकाकडे बघत म्हणालो),
आणि बोलता बोलता लक्षात आलं,
अक्षरांना कुंपण घालायचं तर
मजकूर हाच लागणार,
आत येऊ नये,
याच वळणात.

तो ऐकत नव्हता. 'नये'च्या खाली
पत्र्यावर बोट फिरवत होता.
'ठिपको खंय?'
स्कॅन साफ करताना, काका.
मला वाटलं, डाग आहे.

बराच वेळ झरीचा आवाज येत राहिला, फाटकापलीकडून.
'आणि कु नि ळा यांच्यामध्ये
एवढी जागा कोणी सोडली?
बैल जाईल त्यातून.'
'मी.'
'वाटलंच. माझी नव्हे ती.'

रात्री फाईल उघडली.
कु आणि ळा जवळ आणले, आणखी थोडे.
मग ठिपका. कशाखाली ठेवू?
य खाली ठेवला तर प्रत्येक य वर सही होते,
सगळ्यांखाली ठेवला तर गोवर आल्यासारखं दिसतं.
कुठलं अक्षर शेवटचं
हे फॉन्टला माहीत नसतं,
ते स्टुलावरून उतरणाऱ्याला माहीत असतं.

दोन वाजले. पलीकडच्या खोलीत काका घोरत होता,
उभ्या जागी चालू राहिलेल्या
बससारखा.
माझ्या हातातला माऊस हलला.